घमेल्यापासून सुरुवात: बांधकामाचे शब्द जगातल्या भाषांशी कसे ताडून पाहावेत

ठाण्यात घोडबंदर रस्त्याला लागून किंवा नवी मुंबईत उलव्याच्या बाजूला चालू असलेल्या एखाद्या बांधकामाबाहेर सकाळी अर्धा तास उभे राहिले, तर मराठी, हिंदी, बंगाली, तेलुगू आणि कन्नड एवढ्या भाषा कानांवर पडतात आणि त्या सगळ्यांच्या मधून एकच घमेले हातोहात वर सरकत असते. बांधकामाचे शब्द भाषेगणिक कसे बदलतात याचा ज्याला अभ्यास करायचा आहे, त्याने शब्दकोश उघडण्याआधी त्या घमेल्याकडे पाहावे. शब्दकोशापासून सुरुवात करणारा माणूस 'इमारत' या शब्दाला कोणत्या भाषेत काय म्हणतात, अशी वीस ओळींची यादी करतो आणि तिथेच थांबतो. त्या यादीतून काहीच हाती लागत नाही. वस्तू आणि तिच्याशी चाललेली हाताची हालचाल आधी टिपली, की मग शब्द वेगळा का झाला हे उलगडू लागते. भाषांतराच्या कामात मला उपयोगी पडलेली पद्धत पुढे मांडली आहे.

पहिले काम वहीचे. एका वस्तूला एक पान द्यावे आणि त्यावर चार गोष्टी लिहाव्यात: शब्द जसा ऐकला तसा, बोलणाऱ्याची घरची भाषा, त्या क्षणी चाललेले काम आणि त्या नामाबरोबर आलेले क्रियापद. मराठीपुरते लिंगही नोंदवावे, कारण पुढे ते अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडते. बांधकामावर आत जायचे असल्यास परवानगी आणि हेल्मेट दोन्ही घ्यावीत. बाहेरच्या चहाच्या टपरीवरही निम्मी वही भरते.

माहिती विचारण्याची एक रीत आहे. "याला काय म्हणतात?" असा प्रश्न विचारला, की समोरचा माणूस आपल्याला शोभेल असा शब्द देतो. कोलशेतला एका गवंड्याला मी भिंतीला लावलेल्या दोरीच्या वजनाचे नाव विचारले, तेव्हा त्याने जरा सावरून 'प्लंब' असे सांगितले. पाच मिनिटांनी तोच हाताखालच्या मुलावर ओरडला, "अरे, ओळंबा कुठे टाकलास?" वहीत दोन्ही शब्द लिहावेत, पण पानाचे शीर्षक ओरडताना निघालेल्या शब्दाला द्यावे. ऐकलेला शब्द प्रमाण भाषेत सुधारूनही लिहू नये. ठाण्यात खाडीची रेती असते, घाटावर नदीची वाळू असते. मुंब्र्याच्या रेतीबंदराला कोणी वाळूबंदर म्हणत नाही. तसेच इथे रेती आणि खडी ब्रासने मोजतात, म्हणजे 100 घनफुटांनी, आणि ही नोंदही त्याच पानावर यायला हवी.

आता त्या ओळंब्यालाच पहिला धडा म्हणून घ्यावे, कारण वस्तू जगभर जवळजवळ एकसारखीच आहे: दोरी आणि तिच्या टोकाला वजन. ओळंबा हा संस्कृत 'अवलंब' या शब्दातून आला आहे, म्हणजे आपल्या भाषेने त्याचे लोंबणे पाहिले. इंग्रजी प्लंब, फ्रेंच 'फिल आ प्लों' आणि स्पॅनिश 'प्लोमादा' हे सगळे शिसे या अर्थाच्या लॅटिन 'प्लुंबुम'पासून आले. त्या भाषांनी त्याचा धातू पाहिला. जर्मनमधल्या 'झेंकब्लाय' या शब्दात खाली बुडणे आणि शिसे हे दोन्ही एकत्र आहेत. उत्तर भारतातून आलेला मिस्त्री त्याला 'साहुल' म्हणतो, तो अरबी 'शाकूल'चा भाऊबंद आहे आणि तुर्कीतही 'शाकुल' म्हणूनच नांदतो. एकाच वस्तूच्या पानावर अशी तीन-चार नावे जमली, की प्रत्येकापुढे 'काय पाहिले?' एवढाच प्रश्न लिहून उत्तर भरावे. आकार, पदार्थ, हालचाल, उपयोग, की नुसतेच परक्याकडून घेतलेले नाव? बहुतेक शब्द या पाचांपैकी एका खणात बसतात.

ही रीत खिडकीवर करून पाहिली तर मौज वाटते. इंग्रजी 'विंडो' हा जुन्या नॉर्समधल्या, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतल्या, 'विंडाउगा'पासून, म्हणजे वाऱ्याच्या डोळ्यापासून, आला आहे. रशियन 'अक्नो' हा डोळा या अर्थाच्या 'ओको' शब्दाचा नातेवाईक आहे, स्पॅनिश 'व्हेंताना'त वारा आहे, आणि संस्कृतने एकाच वस्तूला वाऱ्याची वाट म्हणून वातायन आणि बैलाचा डोळा म्हणून गवाक्ष अशी दोन्ही नावे देऊन ठेवली आहेत. काच मात्र यांपैकी एकाही नावात नाही.

नामांनंतर क्रियापदाकडे यावे, आणि इथे घाई करू नये, कारण खरा ऐवज इथेच आहे. मराठीत आपण घर बांधतो, धरण बांधतो, पूल बांधतो, आणि त्याच क्रियापदाने गाठ, मोट, वासरू आणि अंदाजही बांधतो. कोकणातला कूड किंवा ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवरची कारवीची भिंत डोळ्यांसमोर आणली, तर हे क्रियापद तिथे शब्दशः खरे ठरते: कारवीच्या काठ्या बांधायच्या, मग त्यावर माती आणि शेण लिंपायचे. गुजरातीतही 'बांधकाम' आहे. हिंदी मात्र घर 'बनाती' है आणि बांधणे धरणापुरते, 'बाँध' या शब्दात, राखून ठेवते. म्हणजे उत्तरेकडे जाताना हा धागा सैल होतो. दक्षिणेकडे गेले तर काय होते?

कन्नड, तमिळ आणि तेलुगू या तिन्ही भाषांत 'कट्टु' या क्रियापदाचा अर्थ गाठ मारणे असाही आहे आणि घर बांधणे असाही. इमारतीला कन्नडमध्ये 'कट्टड' आणि तमिळमध्ये 'कट्टिडम्' म्हणतात. आपण संध्याकाळी ज्या कट्ट्यावर बसतो, तोही कन्नड 'कट्टे'वरूनच आलेला आहे. शब्द संपूर्ण वेगळे, भाषाकुळे वेगळी, पण हाताची कृती एकच. ही केवळ विद्वानांची जुळवाजुळव नाही, याची खूण म्हणींत सापडते. आपण म्हणतो, "घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून." कानडी माणूस म्हणतो, "मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु." तेलुगूत हीच म्हण "इल्लु कट्टि चूडु, पेळ्ळि चेसि चूडु" अशी आहे आणि तमिळमध्ये "वीट्टैक् कट्टिप्पार्, कल्याणम् पण्णिप्पार्" अशी. घर आणि लग्न ही जोडी तर आहेच. शिवाय बांधून पाहणे, करून पाहणे ही क्रियापदांची घडणही चारही भाषांत तीच आहे. ज्याला शब्द ताडून पाहायचे आहेत त्याने अशी म्हण मिळाली की थांबावे आणि ती पूर्ण उतरून घ्यावी, कारण सुटा शब्द प्रवासात बदलतो, पण म्हण हे सगळे सामान एकत्र घेऊन येते.

बांधण्याखेरीज इतर भाषांनी कोणत्या कृती निवडल्या, याचा आढावा यानंतर घेता येतो. लॅटिनमध्ये 'स्त्रुएरे' म्हणजे रचणे, थरावर थर चढवणे. कन्स्ट्रक्शन आणि स्ट्रक्चर हे दोन्ही त्यातून निघाले. एडिफिस, म्हणजे मोठी इमारत, या इंग्रजी शब्दामागचा लॅटिन 'एडेस' हा मुळात चुलीचा, पेटत्या जागेचा शब्द मानला जातो, आणि त्याचे मूळ आपल्या इंधनातल्या 'इंध्' धातूशी जोडले जाते. रशियन 'स्त्रोइत' म्हणजे रांगेत लावणे, व्यवस्था लावणे. मलय आणि इंडोनेशियन भाषांत 'बांगुन' म्हणजे झोपेतून उठणे, आणि इमारत म्हणजे 'बांगुनान', उठलेली वस्तू. इंग्रजी बिल्ड आणि जर्मन 'बाउएन' यांच्या तळाशी असणे, राहणे या अर्थाचे तेच प्राचीन मूळ आहे ज्यातून संस्कृत 'भू' आणि 'भवन' आले. त्यामुळे जर्मनमध्ये 'बाउअर' म्हणजे गवंडी नसून शेतकरी, आणि शाळेत आपण ज्या बोअर युद्धाबद्दल वाचतो त्यातला 'बोअर' हा त्याचाच डच अवतार आहे. जमिनीवर राहणे, ती कसणे आणि तिच्यावर घर उभारणे या तीन कामांना तिथे एकाच मुळातून शब्द मिळाले.

मातीचा शब्द स्वतंत्र पान मागतो. संस्कृत 'दिह्' म्हणजे लिंपणे. त्यातून देह आला आणि उंबरठ्याची देहलीही आली. त्याच प्राचीन मुळातून ग्रीकमध्ये 'तेइखोस' म्हणजे तटभिंत आली, इंग्रजीत कणकेला 'डो' हा शब्द आला आणि पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथाच्या भाषेत 'पइरिदएझ' म्हणजे भोवती भिंत घातलेली जागा हा शब्द आला, ज्याचे ग्रीकमार्गे पॅराडाइज झाले. ठाण्यात या नावाच्या सोसायट्यांची वाण नाही आणि त्यांच्याभोवती भिंतही असतेच, तेव्हा नाव अगदीच चुकलेले नाही. याउलट जर्मनमध्ये भिंतीचा एक शब्द 'वांड' हा वेटाळणे, विणणे या अर्थाच्या 'विंडेन'पासून आला आहे, म्हणजे तो आपल्या कुडाचाच शब्द. दगडी भिंतीचा 'माउअर' मात्र लॅटिन 'मुरुस'वरून घेतलेला आहे. विटेला किंवा कौलाला 'त्सीगेल', चुन्याला 'काल्क', खिडकीला 'फेन्स्टर' हेही लॅटिनकडूनच आलेले. लाकूड विणून घरे उभारणाऱ्या लोकांना रोमनांनी दगड आणि चुना शिकवला, आणि तंत्राबरोबर नावेही गेली, हे नुसत्या शब्दांच्या यादीवरून वाचता येते.

हीच कसोटी ठाण्याला लावावी. ठाण्यावर पोर्तुगीजांचा अंमल 1737 पर्यंत होता आणि वसई त्यानंतर दोन वर्षांनी मराठ्यांनी घेतली. घमेले हा पोर्तुगीज 'गामेला'वरून आलेला शब्द आहे, तिथे त्याचा अर्थ लाकडी पसरट भांडे. मिस्त्री हा 'मेस्त्रे'वरून, बिजागरी 'बिसाग्रा'वरून, आणि शनिवारी हातात पडणारा पगारही त्याच भाषेतून आला. दुसरा थर फारसी-अरबीचा आहे. गिलाव्यात फारसी 'गिल' म्हणजे चिखल आहे. रंधा आणि जिना फारसीतूनच आले. इमारत हा अरबी शब्द ज्या मुळापासून आला त्यापासूनच उमर, म्हणजे वय, हाही शब्द आला आहे. वस्ती होणे, नांदणे आणि जगणे हे त्या मुळाचे अर्थ. तुर्कीत वास्तुरचनाकाराला याच मुळावरून 'मिमार' म्हणतात. गुण्या तर सर्वांत लांबून आला आहे: ग्रीकमध्ये कोपऱ्याला 'गोनिया' म्हणतात, फारसीत त्याचे 'गूनिया' झाले, तुर्कीत 'गोन्ये', आणि आपल्याकडे तो गवंड्याच्या पिशवीत आणि शाळेच्या कंपासपेटीत एकाच नावाने बसला. ट्रिगोनोमेट्री या शब्दाच्या पोटातही तोच गोनिया आहे.

तिसरा थर इंग्रजीचा, आणि तो सोपा वाटतो म्हणून त्यात चुका होतात. स्लॅब ओतण्यापूर्वी फळ्या, प्लेटा आणि टेकू लावतात त्याला आपल्याकडे 'सेंट्रिंग' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द मुळात कमानीखाली लावायच्या तात्पुरत्या लाकडी सांगाड्याचा होता; आपल्याकडे सपाट स्लॅबलाही तोच चिकटला. फ्रेंच याला 'कोफ्राज' आणि स्पॅनिश 'एन्कोफ्रादो' म्हणतात, दोन्हींत पेटीची कल्पना आहे, तर जर्मन 'शालुंग'मध्ये कवच किंवा टरफल आहे. काँक्रीटबद्दलही असेच सावध राहावे. लॅटिन 'काँक्रेतुस' म्हणजे एकत्र वाढून घट्ट झालेले. फ्रेंच, जर्मन, रशियन आणि तुर्की भाषांत 'बेतों' किंवा 'बेटोन' चालतो, तो लॅटिन 'बितुमेन'वरून आला. स्पेनमध्ये 'ऑर्मिगोन' म्हणतात आणि लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी 'कोंक्रेतो'. त्या ऑर्मिगोनचा संबंध मुंगी या अर्थाच्या 'ऑर्मिगा'शी लावण्याचा मोह होतो, पण तो 'ऑर्मिगो' नावाच्या एका लापशीसारख्या खाद्यपदार्थावरून आला आहे. सिमेंटने तर अर्थच पालटला: 'काएमेंतुम' म्हणजे फोडलेल्या दगडाचे तुकडे, आणि आज तो शब्द दगडांना जोडणाऱ्या भुकटीचा झाला आहे.

इथेच एक नियम लिहून ठेवावा: आवाज जुळला म्हणून नाते मानू नये. तमिळमध्ये 'वीडु' म्हणजे घर, पण त्याचा आपल्या विटेशी काहीही संबंध नाही. वीट संस्कृत इष्टकेपासून आली आणि तिची सख्खी बहीण फारसीतली 'खिश्त', म्हणजे कच्ची वीट, जी कानाला मुळीच ओळखीची वाटत नाही. मराठीतच 'ती वीट' आणि 'तो वीट' वेगळे आहेत. पंढरपूरचा विठोबा पहिलीवर उभा आहे आणि दुसरा आपल्याला येतो. सुरुवातीला लिंग नोंदवायला सांगितले ते याचसाठी. उलट दिशेचे उदाहरण 'अडोबी' या कच्च्या विटेचे. प्राचीन इजिप्तच्या भाषेतला विटेचा शब्द कॉप्टिकमध्ये 'तोबे' झाला, अरबीत उपपदासह (इंग्रजी 'द'सारख्या, नामाआधी लागणाऱ्या शब्दासह) 'अत्तूब' झाला, आणि स्पेनमध्ये ते उपपद शब्दातच मिसळून 'आदोबे' तयार झाला. असा प्रवास सिद्ध करायचा असेल, तर मधला प्रत्येक थांबा दाखवता आला पाहिजे. एखादा थांबा रिकामा राहिला, तर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून पुढे जावे.

पूर्व आशियासाठी एक वेगळी सवय लागते, कारण तिथे शब्दाबरोबर चित्रलिपीतली अक्षरेही वाचावी लागतात. चिनी 'तू-मू' म्हणजे माती आणि लाकूड, आणि स्थापत्य अभियांत्रिकीचे नाव या दोन पदार्थांवरूनच पडले आहे; जपानीत तेच 'दोबोकु' होते. वास्तुकलेला मात्र जपानीत आधी 'झोका', म्हणजे घरे करणे, असा शब्द वापरात होता. वास्तुतज्ज्ञ इतो चूता यांनी तो अपुरा असल्याचे मांडले आणि 1897 मध्ये तिथल्या वास्तुतज्ज्ञांच्या संस्थेने नाव बदलून 'केन्चिकु' हा शब्द घेतला. जुन्या शब्दांपैकी 'फुशिन' मला विशेष आवडतो. झेन मठात सर्वांना श्रमासाठी बोलावणे असा त्याचा मूळ अर्थ, आणि पुढे तो घर बांधण्याचाच शब्द झाला. बांधकामाच्या शब्दात श्रमदान लपलेले असावे, ही गोष्ट आपल्याकडच्या इर्जिकीची, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून एकाच्या शेतात काम करण्याच्या रीतीची, आठवण करून देते. स्वाहिलीत काम त्याहून सोपे आहे, कारण शब्दाचे सगळे कुटुंब एकाच मुळावर उभे असते: 'जेंगा' म्हणजे बांध, 'जेंगो' म्हणजे इमारत, 'म्जेंझी' म्हणजे बांधणारा, 'उजेंझी' म्हणजे बांधकाम. लाकडी ठोकळे काढून वर रचण्याचा जो खेळ मुले खेळतात, त्याचे नाव इथूनच घेतले आहे.

मोजणीच्या शब्दांत केलेली चूक महागात पडते. एका जपानी मजकुराचे भाषांतर करताना मी 'सानगाई'चे सरळ तिसरा मजला असे केले होते. जपानमध्ये जमिनीलगतचा मजला हाच पहिला, त्यामुळे तो आपला दुसरा मजला होता, आणि वाशीहून गेलेली पाहुणे मंडळी एक जिना जास्त चढून चुकीच्या दारापुढे उभी राहिली. रशियात आणि अमेरिकेतही मोजणी जमिनीपासून एक अशी होते. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे तळमजला वेगळा धरतात. चीनमध्ये 'यी लोउ' जमिनीवर असतो, पण तीच अक्षरे हाँगकाँगमध्ये त्याच्या वरच्या मजल्याला लागतात. आपला मजला तर अरबी 'मंझिल'पासून, म्हणजे प्रवासात उतरायच्या जागेपासून आला आहे. मजल दरमजल करणारा प्रवासी आणि लिफ्ट बंद असताना सातव्या मजल्यावर निघालेला रहिवासी यांच्यात फारसा फरक नाही.

क्षेत्रफळासाठीही हेच. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यानंतर ज्या क्षेत्रावर सदनिकेची किंमत ठरते त्याला मराठीत चटई क्षेत्र म्हणतात, आणि त्यात बाहेरच्या भिंती धरत नाहीत, आतल्या धरतात. जपानमध्ये खोलीचा आकार खरोखरच चटयांमध्ये सांगतात: साडेचार ताटामीची खोली, सहा ताटामीची खोली. दोन ताटामींचा एक त्सुबो, सुमारे 3.3 चौरस मीटरचा. शिवाय क्योतोची चटई तोक्योच्या चटईपेक्षा मोठी असते. जुन्या मराठी घरांचे मोजमाप खणांत होई, आणि जपानी 'केन' व चिनी 'ज्येन' या शब्दांचाही अर्थ दोन खांबांमधले अंतर असाच आहे. भाषांतरात इथे आकडा बदलून देण्याऐवजी मूळ एकक ठेवून शेजारी चौरस मीटर द्यावेत.

पडताळणीसाठी दोन साधने पुरतात. मराठीसाठी मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती पाहावी. तिच्यात कारागिरांचे पुष्कळ शब्द आहेत आणि ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. शासकीय शब्द हवा असल्यास भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, पण तिथला शब्द बांधकामावर कोणी बोलते का हे टपरीवर जाऊन तपासावे. कोशात नसलेला शब्द खोटा समजू नये. मागच्या महिन्यात घमेल्याच्या पानावर मी नवी ओळ लिहिली: भांडे आता रबरी प्लास्टिकचे आहे, बिहारहून आलेली मंडळी त्याला 'तसला' म्हणतात, आणि त्यांच्यातला एक जण वरच्या परांचीवरून खाली ओरडत होता, "तसला भेज, घमेला नहीं, छोटावाला!" दोन भाषांतली दोन नावे त्या बांधकामावर दोन वेगळ्या आकारांची झाली आहेत. बाजूच्या बांधकामावर तसे आहे का, ते अजून पाहायचे आहे.